पऱ्हाटीतला पतंग आणि त्याची गंधस्मृती

गुलाबी बोंडअळीचा पतंग वास घेतो तो डोक्यावरच्या दोन मिशांनी. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत काठीला बांधलेले कामगंध सापळे दिसतात, त्यांचा सगळा कारभार या मिशांवर चालतो. वर नरसाळे, खाली प्लास्टिकची पिशवी आणि मध्ये मादीच्या गंधाची नक्कल असलेली ल्यूर. हा गंध म्हणजे दोन अगदी जवळच्या रसायनांचे जवळपास समसमान मिश्रण. 1973 साली त्याची ओळख पटली आणि ‘गॉसिप्लर’ हे नाव रूढ झाले. नराला हा गंध शिकावा लागत नाही. पतंगांच्या नरांच्या मेंदूत मादीच्या गंधासाठी खास कप्पा जन्मतःच तयार असतो. म्हणूनच पिशवीत सापडतात ते नर. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते.

फुलांच्या वासाचे तसे नाही. कपाशी, तूर आणि हरभरा या तिन्हींवर ताव मारणाऱ्या हिरव्या बोंडअळीचा पतंग मकरंदावर जगतो. एखाद्या फुलाच्या वासासोबत गोड रस मिळाला, की पुढे तो त्याच वासाकडे अधिक वळतो, हे प्रयोगांत दिसले आहे. मधमाशी तर या कामात पटाईत. प्रयोगशाळेत तिला बारीक नळीत अडकवतात, काही सेकंद वास देतात आणि मिशीला साखरपाण्याचा थेंब लावतात. ती सोंड बाहेर काढते. एवढ्या एका धड्यानंतरही अनेक माश्या नुसत्या वासाला सोंड काढू लागतात. तीन धडे दिले, तर आठवण काही दिवस टिकते. दहा लाखांहून कमी चेतापेशींच्या मेंदूकडून याहून अधिक काय मागायचे?

मिशांवरून निघालेला संदेश आधी मेंदूतल्या बारीक गोलकांत पोहोचतो. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या ड्रॉसोफिला माशीत असे सुमारे 50 गोलक असतात, मधमाशीत सुमारे 160. कोणते गोलक चेतले, त्यावरून वास ठरतो. पुढचा मुक्काम अळिंबीच्या आकाराच्या पिंडांचा. फेलिक्स दुजार्दां या फ्रेंच अभ्यासकाने 1850 मध्येच कीटकांच्या बुद्धीचा संबंध या पिंडांशी जोडला होता. ड्रॉसोफिलाच्या प्रत्येक पिंडात सुमारे 2000 पेशी असतात. एका वासाला त्यांतल्या विसात एखादीच जागी होते. त्यामुळे एका वासाची आठवण दुसऱ्यात सहसा मिसळत नाही. वास आणि शिक्षा एकाच वेळी आली, की डोपामिन स्रवते आणि नेमक्या जाग्या पेशींचे काही सांधे कमजोर होतात. वासाकडे ओढून नेणारा संदेश मंदावतो आणि माशी त्या वासापासून दूर जाते. इथे शिकण्यात काही वाढण्याऐवजी कमीच होते, ही मोठी मौज आहे.

कीटकांच्या गंधस्मृतीच्या या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात वास नीट न ओळखणाऱ्या उत्परिवर्तित माश्या शोधल्या. त्याच दशकात अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेने माश्यांना विजेच्या झटक्याने वास टाळायला शिकवले. तिथे वास येतो पण धडा टिकत नाही, अशी माशीही सापडली.

शिकण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे सवय होणे. शेतभर मादीचा गंध दरवळत ठेवला, तर नराच्या मिशा बधिर होतात, मेंदू त्या गंधाला सरावतो आणि खरी मादी शोधताना त्याची फसगत होते. मीलनात असा अडथळा आणणारी उत्पादने अमेरिकेत 1970 च्या दशकाअखेर कपाशीत आली. पुढे बीटी वाण आणि वांझ केलेले पतंग यांची जोड मिळाली आणि 2018 मध्ये तिथला कापूस गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर झाला.

यवतमाळात 2017 चा हंगाम नेमका उलटा गेला. बोंडअळीने बोंडे पोखरली आणि फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळी एकदा बोंडात शिरली, की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वेळ साधायची ती पतंग उडत असताना, आणि ती वेळ सापळाच सांगतो. हेक्टरी 5 सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येकात 8 पतंग सापडले तर उपाय करावा, अशी शिफारस आहे. पण सापळा टांगण्याचा जेवढा गाजावाजा होतो, तेवढा पिशवीतले पतंग मोजण्याचा होत नाही. न मोजलेला सापळा म्हणजे शेताला बांधलेला ताईत.

मीलनात अडथळा आणण्याच्या उपायाला आणखी एक अट आहे. दोन-तीन एकराच्या तुकड्यात तो फारसा चालत नाही, कारण शेजारच्या पऱ्हाटीत मीलन झालेली मादी धुरा ओलांडून येते आणि अंडी घालते. त्यासाठी अख्ख्या शिवाराने एकाच वेळी उतरावे लागते आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी, ठेवण्याचा मोहही सगळ्यांनीच सोडावा लागतो.