मांसासाठी शेळीची जात निवडताना

मांसासाठी शेळीपालन आरंभू इच्छिणारा शेतकरी विस्तार-कार्यकर्त्यास पहिला प्रश्न विचारतो तो जातीविषयी. पुष्कळदा त्याचे उत्तर प्रदर्शनातील एखाद्या भल्या मोठ्या बोकडाकडे बोट दाखवून दिले जाते, आणि पुढील तोट्याचा पाया तेथेच घातला जातो.

जमनापारी शेळी उंच, लोंबत्या कानांची व डौलदार असते, यात संशय नाही. परंतु तिची जन्मभूमी म्हणजे उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात यमुना व चंबळ यांच्या काठचा झाडाझुडपांचा दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश. तेथे उभ्याने पाला ओरपून वाढलेले जनावर मराठवाड्याच्या उघड्या माळावर त्याच जोमाने वाढेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. शिवाय तिला बहुधा एकच करडू होते. याउलट लातूर, तुळजापूर, उदगीर या टापूतील उस्मानाबादी शेळी अंगाने मध्यम असली, तरी पुष्कळदा जुळी देते. (२०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, जातीचे जुने नाव मात्र रूढच आहे.)

समजा, मोठ्या जातीच्या शेळीचे एकुलते करडू विक्रीच्या वेळी २५ किलो भरले आणि उस्मानाबादीची दोन करडे प्रत्येकी १६ किलो भरली. एका वेतास २५ किलोंच्या जागी ३२ किलो वजन बाजारात गेले, आणि आईच्या लहान देहामुळे चाराही कमीच लागला. दोहोंपैकी एक करडू दगावले, तर मात्र हा हिशेब उलटतो. म्हणून जुळ्यांना पुरेल इतके दूध आईस आहे की नाही, हे पाहणे जातीच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

उस्मानाबादी सर्वत्र चालेल, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कोकणातील पाऊस व दमट हवा यांत सिंधुदुर्गाकडील कोकण कन्याळ अधिक भरवशाची. विदर्भात बेरारी, नाशिक-पुणे-अहिल्यानगर भागात संगमनेरी आहेच. दक्षिण आफ्रिकेतील बोअर जातीच्या बोकडापासून झालेली संकरित करडे लवकर वाढतात, हे खरे. पण ती वाढ भरपूर खाद्यावर अवलंबून असते. ज्याच्या बांधावर शेवरी, सुबाभूळ वा हादगा नाही, त्याने त्या वाटेस जाऊ नये.

एक गोष्ट स्पष्टच सांगावयास हवी. कित्येक महागड्या जातींची करडे खाटकाकडे न जाता दुसऱ्या नवशिक्या पालकाकडेच जातात, आणि चढी किंमत त्यावरच टिकते. नवशिके संपले की उरतो तो मांसाचा भाव. तेव्हा खरेदीपूर्वी जवळच्या आठवडे बाजारात जिवंत बोकडाचा दर काय चालतो, तो विचारावा आणि त्याच दराने हिशेब मांडावा.

आरंभी पाच-सहा शेळ्या पुरेत. त्या दोन ते चार दाती, शक्यतो जुळ्यांतल्या, दोन्ही सड निर्दोष असलेल्या अशा असाव्यात. आणि बाजारातून घेण्यापेक्षा शक्यतो पालकाच्या गोठ्यावर जाऊन, तिची आई पाहून घ्याव्यात. बोकड दुसऱ्या कळपातला असावा व दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो आपल्याच पाटींना लागतो. नवी जनावरे तीन आठवडे वेगळी बांधावी, आणि पीपीआर व आंत्रविषार यांच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्याव्या.