‘बॉयलर तोच, फक्त तेल बदला’: रॉकेलच्या बर्नरमधला एक स्क्रू काय सांगतो?

आजीच्या घरी पंपाचा स्टोव्ह पाहिलाय? टाकीत रॉकेल, दट्ट्या मारून हवा भरायची, मध्येच पिन मारायची. मी सध्या उत्तर आयर्लंडमधल्या एका खेड्यात भाड्याने राहतो आणि इथं माझं अख्खं घर रॉकेलवरच गरम होतं. नाव तेवढं भारी, ‘हीटिंग ऑइल’. बऱ्याच गावांत गॅसची लाइनच नाही, त्यामुळे इथली निम्म्याहून जास्त घरं याच तेलावर चालतात.

हे बॉयलर आता राजकारणात अडकलेत. इंग्लंडमध्ये गॅसलाइन नसलेल्या घरांत 2026 पासून नवा ऑइल बॉयलर बसवू द्यायचा नाही, असा बेत होता. सप्टेंबर 2023 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ती मुदत 2035 पर्यंत ढकलली. तेलवाल्यांचं म्हणणं असं की बॉयलर काढायची गरजच नाही, त्यात एचव्हीओ भरा. म्हणजे वापरलेल्या खाद्यतेलासारख्या मालावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं इंधन. असं इंधन पुरवायची सक्ती करता येईल, अशी सोय ब्रिटनच्या 2023 च्या ऊर्जा कायद्यात केलेलीही आहे.

पण ‘फक्त तेल बदला’ हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला जानेवारीत कळलं.

टाकी रिकामी झाली. चूक माझीच. मोबाइलवर थर्मोस्टॅटचं अ‍ॅप ‘हीटिंग चालू’ दाखवत होतं आणि रेडिएटर मात्र थंडगार! अ‍ॅप बर्नरला फक्त ‘पेट’ म्हणतं, तो पेटला की नाही हे त्याला कळत नाही. नवं तेल आलं तरी बर्नर लॉकआउटमध्येच, कारण पाइपात हवा शिरली होती. तंत्रज्ञाने पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढली आणि आलोच आहोत तर म्हणून पंपाला प्रेशर गेज लावला. काटा 8 बारवर. हवा होता 10.

हा पंप म्हणजे मोटरवर फिरणारी छोटी गिअरची जोडी. तेल दाबाने नोझलच्या सूक्ष्म भोकातून बाहेर पडतं आणि त्याचा बारीक फवारा होतो. (स्टोव्हमध्ये रॉकेलची वाफ होते, इथे फवारा. फरक तेवढाच, पण महत्त्वाचा.) माझ्या नोझलवर 0.60 लिहिलंय, म्हणजे सुमारे 7 बार दाबाला तासाला 0.60 अमेरिकन गॅलन तेल. दाब वाढला की तेल वाढतं, पण वर्गमुळाच्या हिशेबाने: दाब चौपट केला तर तेल दुप्पट. 8 वरून 10 बार केलं की साधारण 12 टक्के जास्त. दाब कमी असेल तर थेंब मोठे राहतात, नीट जळत नाहीत, काजळी धरते.

त्याने अ‍ॅलन कीने स्क्रू थोडा फिरवला, काटा 10 वर आला. मला वाटलं झालं. पण तेल वाढलं म्हणजे हवाही वाढवायला हवी. मग धुराड्यात अ‍ॅनालायझरची नळी घालून कार्बन डायऑक्साइड 12 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत तो हवेची झडप हलवत बसला. म्हणून सांगतो, व्हिडिओ बघून हा स्क्रू स्वतः फिरवू नका. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो.

आता एचव्हीओ. ते इथल्या रॉकेलपेक्षा दाट आहे. दाट तेलाचा फवारा वेगळा पडतो, म्हणून तेल बदलताना नोझल आणि पंपाचा दाब दोन्ही नव्याने बसवावे लागतात. काम फार मोठं नाही, हीट पंप बसवण्याच्या मानाने तर किरकोळच. पण ते घरोघरी जाऊन, माणसाने, गेज लावून करायचं आहे. मला मोठी अडचण दिसते ती तेलाचीच. 1 जानेवारी 2025 पासून ब्रिटनमध्ये विमानांच्या इंधनात 2 टक्के शाश्वत इंधन सक्तीचं झालंय, 2030 पर्यंत ते 10 टक्के व्हायचंय. वापरलेलं खाद्यतेल त्यांनाही हवंय. विमान कंपनीशी किमतीची स्पर्धा माझ्या खेड्याने करायची?

त्यात हीटिंग ऑइलच्या दरावर सरकारची कमाल मर्यादा नाही. युक्रेन युद्धानंतर भाव भडकले तेव्हा 2023 च्या सुरुवातीला इथल्या प्रत्येक घराला वीज आणि इंधनासाठी मिळून 600 पाउंडांची मदत द्यावी लागली. आणि माझ्यासारख्या भाडेकरूंचा पेच वेगळाच: सर्व्हिसिंग घरमालकाकडे, तेलाचं बिल आमच्याकडे. बर्नर नीट लावलेला नसेल तर जास्तीचे पैसे जातात कुणाचे?

तंत्रज्ञाने बर्नरच्या झाकणावर पट्टी चिकटवली: नोझल 0.60, दाब 10 बार, खाली तारीख. फोटो काढून घरमालकाला पाठवला आणि पुढची सर्व्हिस कधी, ते विचारलं. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.