पहिली शस्त्रक्रिया कोठे करावी?



या पानांवर मी एरवी लागण, खोडवा आणि बेण्याविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी घराघरांतला आहे. मी राहतो त्या नागपूरच्या प्रतापनगरात काय किंवा आपल्या गावात काय, पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. त्यातून तोंडाचा कर्करोग होतो. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "ऑपरेशन करायचे की नाही?" माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे, ते कोठे करायचे?

"सुरी लावली की रोग पसरतो," असे पारावर बोलतात. ते चूक आहे. घात होतो तो उशिराने आणि अर्धवट कामाने. काणी आलेल्या उसाचा नुसता चाबूक मोडून आपण थांबत नाही, बेट मुळासकट काढतो. इथेही तसेच आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मानेत गाठ लागत नसतानाही ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी शेकडा ८० जण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत ज्यांची मान तशीच ठेवली, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ६७.५ होते. शंभरामागे बारा-तेरा माणसांचा हा फरक आहे.

अन्ननलिकेचा कर्करोग त्याहून अवघड. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही शस्त्रक्रिया जेथे वारंवार होते तेथील शेकडा ३४ रुग्ण पाच वर्षे जगले. जेथे क्वचित होते तेथील १७. हा एकट्या सर्जनच्या हाताचा गुण नव्हे. भूल देणारे, परिचारिका, तपासणी करणारे, साऱ्यांचाच सराव कामी येतो.

"लांब जायला पैसा आणि सवड कोठून आणायची?" ही अडचण खरीच आहे. परंतु आपल्या नागपुरातच मानेवाडा रोडला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हेही आधीच विचारावे.

कोठेही गेलात तरी संकोच न करता विचारा : अशा शस्त्रक्रिया येथे वर्षाला किती होतात? सर्जन, किरणोपचार आणि औषधोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात काय? नंतर शेक लागला तर तो वेळेत मिळेल काय? बेणे घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, मग माणसासाठी तीन विचारायला काय हरकत आहे?

संचालक मंडळास माझी विनंती आहे की, प्रत्येक गट कार्यालयात या योजनेची माहिती व कागदपत्रांची मदत मिळावी. आणि सभासदांनो, तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तोडणी संपण्याची वाट पाहू नका.

— ऊस विकास अधिकारी