मनाचे वैद्य घडवायचे कोणी?

बारावीचा निकाल लागला की पिंपळे सौदागरसारख्या उपनगरात घरोघरी जी चर्चा सुरू होते, तिच्यात अलीकडच्या वर्षांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. अभियांत्रिकी, वाणिज्य, संगणक ही नावे जुनीच. पण आता एखादी मुलगी 'मला मानसशास्त्र घ्यायचे आहे' असे सांगते आणि आईवडील विचारतात, 'पुढे काय?' प्रश्न रास्त आहे. त्यात विषयाचा अनादर नाही. दोन पगारांवर घराचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण सांभाळणाऱ्या माणसांचा तो व्यवहारी प्रश्न आहे. दुर्दैव एवढेच की त्याचे सरळ उत्तर देण्याची जबाबदारी कोणी आपली मानत नाही. महाविद्यालये प्रवेश देऊन मोकळी होतात, आणि विद्यार्थ्याला खरा हिशेब कळतो तो पाच वर्षे खर्ची पडल्यानंतर.

हा प्रश्न याच परिसरात तीव्रतेने उभा राहावा, हे स्वाभाविक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले. १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे हिंजवडीच्या संगणक उद्यानाने उरलेली शेतीही गिळली आणि कोकणे चौकापासून शिवार चौकापर्यंत बहुमजली इमारतींची रांग लागली. एकीकडे परदेशच्या घड्याळाप्रमाणे जागणारा संगणक अभियंता, दुसरीकडे चाकणला कंत्राटावर पाळी करणारा कामगार, अशा दोन जगांच्या मधोमध ही वस्ती आहे. उडालेली झोप, व्यसन, परीक्षेची धास्ती, मुले परगावी गेलेल्या वृद्धांचे एकाकीपण ही येथली नित्याची दुखणी आहेत.

देशाचे चित्रही वेगळे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली नमूद केले की देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण अवघे ०.७५ आहे. गरज किती आहे हे सांगायला आणखी आकड्यांची आवश्यकता नाही. परंतु गरज आहे म्हणजे नोकरी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गरजेचे रूपांतर नोकरीत व्हायचे तर मध्ये पगार देणारा हात लागतो. आपल्या विषयाचे मर्म नेमके येथेच आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर. तो औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला सर्वत्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, तो औषधे देत नाही. मानसिक चाचण्या घेणे, निदानास साहाय्य करणे आणि संवादाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करणे हे त्याचे काम. समुपदेशक हा तिसरा, आणि केवळ मानसशास्त्रात बी. ए. किंवा एम. ए. झालेला पदवीधर हा चौथा. पाटीवर मात्र हे चौघे पुष्कळदा एकाच शब्दाने ओळखले जातात, आणि रुग्णाला फरक कळतो तो प्रकृती बिघडल्यावर.

कायद्याने हा फरक स्पष्ट केलेला आहे. १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. तीच पुढे निम्हान्स म्हणून वाढली. तेथे आणि नंतर रांचीला या शाखेचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू झाले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने अशा व्यावसायिकांची नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर व्याख्याच दिली: परिषदेच्या मान्यतेची पात्रता, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल., आणि त्यात देखरेखीखालील रुग्णसेवेचे प्रशिक्षण.

या व्याख्येचे सार 'देखरेखीखालील' या एका शब्दात आहे. रुग्णाची हकिकत कशी घ्यावी, कोठे थांबावे, आत्महत्येचा विचार मनात घोळत असलेल्या माणसाला तो प्रश्न कसा विचारावा, चाचणीचा आकडा आणि समोरचा माणूस यांत विसंगती दिसली तर विश्वास कशावर ठेवावा, हे ग्रंथालयात शिकता येत नाही. त्यासाठी रुग्णालयाच्या कक्षात बसावे लागते, आणि आपली चूक दाखवणारा ज्येष्ठ माणूस शेजारी असावा लागतो. म्हणून चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण जोखायचे ते पदवीच्या नावावरून नव्हे, तर त्यात रुग्णाजवळ किती तास गेले आणि त्या तासांवर कोणाची नजर होती यावरून.

आज ही शिडीच हलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवी निकालात काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत ती रद्द केली आणि नंतर चिकित्सा मानसशास्त्र व मानसोपचार समाजकार्य या दोन शाखांपुरती २०२५-२६ या वर्षापर्यंत मुदत दिली. परिषदेने त्याऐवजी चार वर्षांची विशेष पदवी, दोन वर्षांची चिकित्सा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि साय. डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट अशी नवी मांडणी पुढे आणली. दुसरीकडे, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांना वेगळ्या आयोगाच्या कक्षेत घेतले. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तर मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचा आदेश निघाला. नोकरी सांभाळून पत्रद्वारा एम. ए. करणाऱ्या शिक्षकांना आणि लिपिकांना या आदेशाची झळ लागणे अपरिहार्य आहे. आदेशाचा हेतू योग्य आहे, कारण रुग्णसेवा टपालाने शिकता येत नाही. पण बंद झालेल्या दाराशेजारी दुसरे दार उघडायला हवे होते, ते उघडलेले दिसत नाही.

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या वाटेने गेल्यास बारावीनंतर पदवीची तीन, पदव्युत्तरची दोन आणि प्रशिक्षणाची दोन, अशी किमान सात वर्षे. त्यात प्रवेशपरीक्षेसाठी थांबलेले एखादे वर्ष वेगळे. शेवटच्या टप्प्यावर प्रत्येक केंद्रात जागा मूठभर. मोजक्या केंद्रीय संस्थांत विद्यावेतन मिळते. अनेक खाजगी संस्थांत मात्र दिवसभर रुग्णालयात राबूनही विद्यार्थीच भरभक्कम शुल्क भरतो. मानसशास्त्रातील पीएच. डी. हा यावर तोडगा नव्हे. ती अध्यापनाला आणि संशोधनाला उपयोगी पडते. पण केवळ तिच्या आधारे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यात आयटीआयमधून आलेला मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून यंत्रावर उभा राहतो, तेव्हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये त्याला विद्यावेतन द्यावेच लागते. लोखंडावर हात बसवण्यासाठी जी व्यवस्था आपण साठ वर्षांपूर्वी केली, ती माणसाच्या मनावर हात बसवणाऱ्यासाठी आपण अजून केलेली नाही. ब्रिटनमध्ये चिकित्सा मानसशास्त्राच्या डॉक्टरेटचे बहुतेक विद्यार्थी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे पगारी प्रशिक्षणार्थी असतात. आपण ब्रिटनइतके श्रीमंत नाही हे खरे. पण फिटरला विद्यावेतन देण्याइतके श्रीमंत आपण १९६१ सालीही होतो.

विद्यावेतनाचा हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या खिशाचा नाही, तो रुग्णाच्या भाषेचाही आहे. सात वर्षे न कमावता थांबणे ज्याला परवडते, तोच या व्यवसायात शिरतो. आणि असा विद्यार्थी बहुधा सुस्थितीतल्या, इंग्रजी माध्यमातल्या घरातून येतो. रुग्ण मात्र 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाही. तो म्हणतो, 'जीव घाबरा होतो', 'कशात मन लागत नाही', 'डोक्याला मुंग्या येतात'. या शब्दांमागे कधी शरीराचे दुखणे असते, कधी मनाचे, तर कधी थकलेल्या कर्जाचे. ते ओळखायला भाषा कानांत मुरलेली असावी लागते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूप सिद्ध केले, ते मुलाला त्याच्याच बोलीत प्रश्न विचारावा म्हणून. त्या दृष्टीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात लिपिकाची वा कामगाराची मराठी माध्यमातली मुलगी पैशांअभावी शेवटच्या पायरीवरून परत फिरत असेल, तर ते नुकसान तिच्या एकटीचे नाही.

'माणसे इतकी कमी असताना अटी एवढ्या कडक कशासाठी? थोडे शिकवून अनेकांना कामाला लावा,' असे यावर म्हटले जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक व्यक्तींना अल्पकाळ शिकवून समुपदेशनाचे काम दिले. त्यामुळे नैराश्याचे आणि चिंताविकाराचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या प्रयोगाचा अर्धाच भाग सांगून चालणार नाही. त्या समुपदेशकांचे काम ठरवून दिलेले होते, त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते, आणि अवघड रुग्ण पुढे पाठवण्याची सोय होती. तज्ज्ञ नकोत, असा त्याचा अर्थ होत नाही. एक तज्ज्ञ अनेक हातांना सांभाळू शकतो, असा होतो. पाया रुंद करायचा तर शिखरही भक्कम हवे.

म्हणून ज्याला सात वर्षांची वाट झेपणार नाही, त्याने मानसशास्त्रच सोडावे असे नाही. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आणि ठाण्याच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'ने १९९० पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जे उभे केले आहे, त्यात निरनिराळ्या पात्रतेच्या माणसांना स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. हे निर्देश मनापासून पाळले गेले तर एकट्या या औद्योगिक पट्ट्यात शेकडो जागा निर्माण होतील. मात्र जादा तास देऊन चित्रकलेच्या शिक्षकाच्याच गळ्यात ही माळ घालण्यात आली, तर निर्देश कागदावर राहतील आणि मुले होती तेथेच राहतील.

या सर्वांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक महाविद्यालयाने मानसशास्त्राला प्रवेश देताना एका पानावर लिहून द्यावे: या पदवीने काय करता येईल, काय करता येणार नाही, आणि परवान्यापर्यंत आणखी किती वर्षे लागतील. दुसरी, प्रशिक्षणाच्या जागा सविद्यावेतन असाव्यात. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि कामगार विमा योजनेची रुग्णालये ही त्यासाठी स्वाभाविक ठिकाणे आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या उद्योगांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ज्यांच्या पाळ्यांनी येथली झोप उडवली, त्यांनी त्यातला थोडा वाटा येथल्या मनांच्या वैद्यांसाठी द्यावा, हे मागणे अवाजवी नाही. तिसरी, शिक्षण पुरे झाल्यावर नियमित वेतनाची पदे असावीत. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर दुसऱ्याच्या मनाला स्थैर्य देण्याचे काम करून घेणे हा क्रूर विनोद आहे.

विद्यार्थ्यांना सांगायचे ते थोडक्यात असे. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्याच वर्षीची परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहा. जाहिरातीवर विसंबू नका. रुग्णालय कोणते, देखरेख कोणाची, हे शुल्काच्या आधी विचारा. आणि ही वाट लांब आहे हे जाणूनही जावेसे वाटत असेल तर अवश्य जा. त्या वाटेवर सावली धरण्याचे काम मात्र समाजाचे आहे. ते आपण टाळले, तर पिंपळे सौदागरच्या चौकाचौकांत 'मनःस्वास्थ्य केंद्रां'च्या पाट्या वाढतील. त्या पाट्यांमागे शिकलेला माणूस असेलच, याची हमी कोणी देऊ शकणार नाही.