वीरपर्यंत रूळ दुहेरी झाले. हक्काची मेमू कधी?

महाड : दिवा-रोहा मेमू रोह्याला आली की संपते. तिथून वीरपर्यंत सुमारे ४७ किलोमीटर दुहेरी रूळ आहेत, वर विजेची तारही आहे. तरी महाड-पोलादपूरकरांना रोजच्या प्रवासासाठी कायमस्वरूपी मेमू मिळालेली नाही. कोकण रेल्वेच्या विलीनीकरणामुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आलाय.

रेल्वे इकडे टप्प्याटप्प्याने सरकली. १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि १९९३ मध्ये रोहा-वीर टप्पा सुरू झाला. पूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ उजाडलं. मात्र मार्ग महाड शहराला बाजूला ठेवून गेला. तालुक्यात वीर, सापे वामने, करंजाडी, विन्हेरे अशी स्टेशनं आली, पण पोलादपूर तालुक्याला एकही नाही. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या इथे न थांबता निघून जातात.

ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा-वीर दुहेरीकरण पूर्ण झालं, २०२२ मध्ये पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. सणासुदीला दिवा-चिपळूण मेमू विशेष गाडी म्हणून याच रुळांवरून धावली. म्हणजे मेमू चालवता येते, हे सिद्ध झालंय. मग अडतं कुठे?

एक कारण हद्दीचं. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे. मेमू पुढे न्यायची तर डबे, कर्मचारी, खर्च आणि उत्पन्न यांचा हिशेब दोघांना जुळवावा लागतो. दुसरं कारण पैशाचं. महामंडळ ही कंपनी आहे. स्वतःच्या कमाईतून कर्ज फेडायचं, दरडी रोखायच्या, मार्गही सांभाळायचा. जून २००४ मध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला झालेला अपघात महाडकर विसरलेले नाहीत. सुरक्षेवरचा खर्च टाळता येत नाही, मग छोट्या स्टेशनांच्या वाट्याला उरतं ते थोडंच.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही विलीनीकरणाला संमती दिली. गोवा, कर्नाटक, केरळ यांनी ती आधीच दिली होती. विलीनीकरण झालं की रोह्याची हद्द कागदावरून पुसली जाईल आणि कामांना थेट रेल्वे अर्थसंकल्पातून पैसा मागता येईल. हा फायदा मोठा आहे.

पण धोकाही आहे. आज निर्णय बेलापूरच्या मुख्यालयात होतात. उद्या हा मार्ग एखाद्या मोठ्या झोनमध्ये गेला, तर मुंबईच्या गर्दीपुढे वीर-करंजाडीची मागणी फाईलमध्येच राहू शकते. कोरोनानंतर दादर-रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली, तेव्हा मुंबईत जागा कुणासाठी आधी रिकामी होते हे कोकणाने पाहिलंच आहे.

म्हणून मागणी मोघम नको. दिवा-रोहा मेमूची किमान एक सकाळची आणि एक संध्याकाळची फेरी वीरपर्यंत कायम करा, एवढीच ठेवावी. सोबत महाड आणि पोलादपूरसाठी एसटी त्या वेळेला वीर स्टेशनवर हजर हवी. नाहीतर गाडी आली तरी पोलादपूरचा माणूस रिक्षासाठीच खिसा रिकामा करणार.

झोन ठरण्याआधी ग्रामसभांचे ठराव रायगडच्या खासदारांकडे आणि रेल्वे मंत्रालयाकडे गेले, तर त्याला वजन राहील. वेळापत्रक एकदा छापून झालं की ते बदलायला वर्षं जातात.