निळ्या पडद्याचे निदान

१९ जुलै २०२४ या शुक्रवारी देशातल्या अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. संगणक होते, वीज होती, इंटरनेटही होते; पण पडदे निळे पडले होते. त्याच दिवशी जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन विद्यापीठाच्या रुग्णालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, अमेरिकेत बोस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅमनेही तेच केले आणि ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातले ८५ लाख संगणक बंद पडले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पण ते नेमके रुग्णालये, बँका आणि विमान कंपन्यांचे होते.

कारण होते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक छोटी फाइल. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. अवघी ७८ मिनिटे. या घटनेचे निदान कसे झाले, हे रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. शरीरात श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा तळभाग असतो, तसे त्याचे काम. एखादे साधे ॲप बिघडले तर हात लुळा पडल्यासारखे होते. बाकीचे शरीर चालते. कर्नलमध्ये बिघाड झाला की सारेच थांबते. हे थांबणे बहुतेक वेळा मुद्दाम असते. चुकीच्या स्थितीत काम चालू ठेवले तर साठवलेली माहिती खराब होईल, म्हणून यंत्र स्वतःच हात वर करते. निळा पडदा हा आजार नाही, लक्षण आहे. थांबण्यापूर्वी कर्नल आपल्या स्मृतीची प्रत डिस्कवर ठेवू शकतो. कुठल्या सूचनेवर काम अडले आणि त्याआधी काय चालले होते, ते त्यात सापडते. तज्ज्ञांच्या दृष्टीने हा शवविच्छेदनाचा अहवालच.

त्या दिवशी पहिला माग साथरोगाच्या पद्धतीने लागला. कोण आजारी पडले आणि कोण वाचले? मॅक आणि लिनक्सवाले वाचले. क्राउडस्ट्राइक नसलेले विंडोज संगणक वाचले. ज्यांच्यावर ते होते, पण त्या ७८ मिनिटांत बंद होते, तेही वाचले. संशयित अशा रीतीने लवकर हाती लागला.

पण पुढे एक चकवा होता. बिघडलेल्या काही संगणकांवर ती फाइल उघडली, तेव्हा आत नुसती शून्ये भरलेली दिसली. ‘कंपनीने कोरी फाइल पाठवली, म्हणून संगणक कोसळले’ असा समज झपाट्याने पसरला. तो चुकीचा होता, आणि का चुकीचा होता याचे उत्तर फाइल सिस्टीममध्ये आहे.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवरचे रजिस्टर. फाइलचे नाव, आकार आणि जागा त्यात नोंदली जाते. खरा मजकूर मात्र आधी तात्पुरत्या स्मृतीत थांबतो आणि काही क्षणांनी डिस्कवर उतरतो. नेमका त्या मधल्या क्षणी संगणक कोसळला, तर रजिस्टरात फाइल दिसते, पण पान कोरे असते. त्या जागी पूर्वी पुसलेला कुणाचा जुना मजकूर उघडा पडू नये, म्हणून विंडोज तिथे शून्ये दाखवते. म्हणजे शून्यांमुळे संगणक कोसळला नव्हता. संगणक कोसळल्यामुळे शून्ये उरली होती.

अपघात विभागात हा पेच रोजचा आहे. रस्त्यावर पडलेला माणूस डोक्याला जखम घेऊन येतो. जखमेमुळे बेशुद्ध झाला, की साखर उतरल्याने भोवळ येऊन पडला आणि मग जखम झाली? जखम डोळ्यांना दिसते, साखर दिसत नाही. जो फक्त टाके घालून मोकळा होतो, तो रुग्ण गमावू शकतो.

खरे कारण ६ ऑगस्ट २०२४ च्या अहवालात आले. फाइलमधील नियम २१ रकान्यांचा होता. तो वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती २०च रकाने होते. एकविसावा शोधताना त्याने स्मृतीच्या हद्दीबाहेर हात घातला आणि कर्नल थांबला. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे असल्याने दोष कित्येक महिने दडून राहिला. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामलाही तो दिसला नाही. शिवाय ती टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्वांना एकदम पाठवली गेली. नवे औषध आधी मोजक्या लोकांना देतात, ते याचसाठी.

उपाय साधा होता, पण राबवणे जिकिरीचे. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल काढून टाकायची, तीही एकेका यंत्रापाशी जाऊन. डिस्कला कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्ली हवी. आणि काही ठिकाणी ती किल्ली बंद पडलेल्या संगणकातच ठेवलेली होती!

हे सारे दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबपासून दूरचे वाटेल. छोट्या गावातल्या दवाखान्यात इतकी महागडी सुरक्षा प्रणाली असण्याची शक्यता कमीच. पण नोंद सेव्ह होत असताना लाइट गेली, तरी फाइल सिस्टीमचे तेच होते: रजिस्टरात नाव, पान कोरे. आजच्या फाइल सिस्टीम आपल्या बदलांची आगाऊ टिपणवही ठेवतात. तिच्यामुळे रजिस्टर सावरते; आतला मजकूर वाचेलच असे नाही. तो मजकूर एखाद्या गरोदर बाईच्या हिमोग्लोबिनचा असू शकतो, किंवा कुणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे याचा. तिला पुढे दारव्हा किंवा यवतमाळला पाठवताना तीच नोंद लागते.

म्हणून काही सवयी लावायला हव्यात. नोंदीच्या संगणकाला यूपीएस असावा आणि तो नीट बंद करावा. माहितीची प्रत दुसऱ्या जागी असावी आणि ती उघडते का, हे अधूनमधून उघडूनच पाहावे. डिस्क बिघडल्यास दुरुस्तीचा प्रोग्राम चालवण्याआधी तिची प्रत घ्यावी, लगेच फॉरमॅट करू नये. घाईत पुरावाही जातो आणि माहितीही. कुलपाची किल्ली कागदावर, कपाटात असावी. आणि संगणक बंद असताना ओपीडी, औषध वाटप आणि तातडीच्या तपासण्या कशा चालवायच्या, याचा सराव कर्मचाऱ्यांना असावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला दिवसेंदिवस हातानेच नोंदी ठेवाव्या लागल्या होत्या.

कारण कोणतेही असो, सदोष फाइल, हल्ला किंवा गेलेली वीज, यंत्र कधीतरी थांबणारच. त्या वेळी टेबलावर कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा आणि चालणारा पेन असला, तर रुग्णाला रांगेतून परत जावे लागत नाही.