ऑपरेशन झालं, आता मेंटेनन्स कोण बघणार?

"मोठं आतडंच काढलं ना, मग आता कसला आजार?" हे वाक्य मी जुळे सोलापुरात नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि (हद्द झाली!) एका डॉक्टरकडूनही ऐकलंय. आजचा शनिवार त्या वाक्याच्या नावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना जुमानेनासा झाला की मोठं आतडं आणि गुदाशय काढतात आणि लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवून खाली जोडतात. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी ही पद्धत १९७८ साली मांडली. आज प्रचलित असलेला 'जे' आकार जपानच्या उत्सुनोमियांचा, १९८० सालचा. म्हणजे प्रकरण काही कालचं नाही.

या पिशवीला सूज येते, तिला पाउचायटिस म्हणतात. पिशवीवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती कधी ना कधी गाठते. आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात, आणि नोन इश्यू रिलीज नोटमध्ये लिहायचा असतो! माझ्या डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची तारीख होती, पाउचायटिस हा शब्द नव्हता.

मग होतं काय? दिवसाला पाच-सहा वेळा जाणारा माणूस पंधरा वेळा जायला लागतो. पोटात कळा, कणकण, रात्री कपडे खराब. तो मेडिकलवाल्याकडे जातो आणि चार गोळ्या घेतो. गंमत म्हणजे गोळी बरेचदा बरोबरच असते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल, साधारण दोन आठवडे, हाच पहिला उपचार. पण चार गोळ्या म्हणजे दोन आठवडे नव्हेत. आणि त्रास परत परत उलटला तर? खाली राहिलेल्या गुदाशयाच्या पट्टीला सूज असेल, जोड अरुंद झाला असेल, सी. डिफिसिलचा संसर्ग असेल, क्वचित क्रोन्ससुद्धा निघेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. दुर्बीण, बायोप्सी आणि शौचाची तपासणी न करता पुन्हा तीच गोळी देणं म्हणजे लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणं. चिवट पाउचायटिससाठी वेडोलिझुमॅबला युरोपात २०२२ साली मान्यता मिळालीय. पण आधी निदान तर व्हायला हवं ना?

"सोलापुरात कुठून आणायचे इतके स्पेशालिस्ट? पुण्याला जा की." हे नेहमीचं उत्तर. पुणे अडीचशे किलोमीटर, आणि लाल एसटीत संडास नसतो, एवढंच सांगतो. शिवाय मी प्रत्येक गल्लीत स्पेशालिस्ट मागतच नाहीये. मी एक कागद मागतोय. त्यावर लिहा: ही लक्षणं दिसली की थांबू नका. सांधे दुखले म्हणून मनाने ब्रुफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्याने सूज भडकू शकते. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषायचं, ते आता नाही, तेव्हा सोलापूरच्या उन्हाळ्यात नुसतं पाणी पुरणार नाही, ओआरएस जवळ ठेवा. आणि फोन कुणाला करायचा, तो नंबर.

पाच तासांच्या ऑपरेशनला पाच ओळींचा कागद जोडणं इतकं अवघड आहे का हो?

मंडळी, तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर डिस्चार्जच्या दिवशी तो कागद मागून घ्या. बिल हातात पडायच्या आधी.